जाड नखीची नव्वद वर्षे

जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टचं नाव निघालं की गोष्ट डाव्या हाताची सांगितली जाते. १९२८ साली त्याच्या राहत्या गाडीला आग लागली, अनामिका आणि करंगळी कायमची आखडली आणि उरलेल्या दोन बोटांवर हा माणूस युरोपभर गाजला. गोष्ट खरी आहे. पण त्याचा आवाज उजव्या हातात होता, आणि त्या हातातल्या नखीकडे फारसं कोणी पाहत नाही.

त्या आगीने पेट घेतला तो त्याच्या बायकोने विकायला केलेल्या सेल्युलॉइडच्या फुलांमुळे. याच सेल्युलॉइडच्या नख्या न्यूयॉर्कचा लुइगी डी'अँड्रिया १९२२ पासून काढत होता, आणि पुढे जगभरच्या गिटारवाल्यांच्या हाती त्या पोचल्या. जँगोची नखी मात्र जाड, कासवाच्या कवचाची, असं सांगतात.

जाड का, ते त्याच्या वाद्यवृंदाकडे पाहिलं की कळतं. १९३४ साली पॅरिसात त्याने व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेलीबरोबर पंचक उभं केलं: एक व्हायोलिन, तीन गिटारी, एक डबल बास. ढोल नाही, पितळी वाद्यं नाहीत. ठेका दोन गिटारींनीच धरायचा आणि त्यावर एकल गिटार ऐकू यायला हवी, तीही बहुधा अँप्लिफायरविना. सेल्मर कंपनीने १९३२ साली मारियो मक्काफेरीच्या आराखड्यावर काढलेली गिटार याच कामाला आली. तिला जोड होती एका खास आघाताची. नखी तारेवरून पुढे ढकलायची आणि खालच्या तारेवर टेकवायची. तार बदलली की पुन्हा वरून खाली. मनगट सैल, हाताचं सगळं वजन तारेत. पातळ नखी इथे वाकते आणि वाकताना जोर खाऊन टाकते, वर चटचट आवाज करते. तीन मिलिमीटरची नखी वाकत नाही; तार हलते, नखी नाही. आपल्या सरोदवाल्यांना यात नवं काही वाटणार नाही. त्यांचा करवंटीचा जवा याच न्यायाने चालतो.

१९५३ साली जँगो गेला. सेल्मरने त्याच्या आदल्याच वर्षी या गिटारी बंद केल्या होत्या. सूर टिकला तो फ्रान्स, हॉलंड, जर्मनीतल्या मानूश आणि सिंती कुटुंबांत, बापाकडून मुलाकडे. त्यांतल्याच बिरेली लाग्रेनची पहिली तबकडी १९८० सालची, तेव्हा तो पोरसवदाच होता.

दरम्यान नखीचं सामानच बेकायदा ठरलं. कवच यायचं ते हॉक्सबिल जातीच्या समुद्री कासवाचं. वन्यजीवांच्या व्यापारावरचा साइट्स करार १९७५ साली अमलात आला आणि १९७७ पर्यंत या कासवाचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंदीच्या यादीत गेला. जपानने मात्र आयात १९९२ च्या अखेरपर्यंत रेटली. मग पर्यायांचा शोध सुरू झाला. डनलॉपने १९८१ साली टॉर्टेक्स आणलं. रोजच्या वापराला उत्तम, पण जँगोच्या या शैलीला, म्हणजे जिप्सी जॅझला, पातळच. खरं काम केलं हॉलंडच्या मिशेल वेगेनने: साडेतीन मिलिमीटरची पांढरी नखी, त्याहून जाड हवी तर पाच. फ्रान्सच्या द्युगेनने शिंग, हाड, लाकूड आणि नारळाची करवंटी कोरली. माझ्या कानाला वेगेनचा स्वर गोल वाटतो, शिंगाचा थोडा खरखरीत. शिंगाला मात्र उन्हाळा सोसत नाही, आणि आमच्या चंद्रपुरात पारा ४७-४८ वर जातो, तेव्हा ते पापुद्र्यांनी सुटू लागतं.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे गिटार दिसते ती ऑर्केस्ट्रात, चर्चमध्ये, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये. झाडीपट्टीच्या नाटकात तिचं बरंचसं काम कीबोर्डच उरकतो. दुकानात मिळते ती रंगीत, पातळ प्लास्टिकची नखी. बाहेरून मागवलेली महाग पडते, म्हणून हातानं घासून करण्याचा मोह होतो. करा, पण इथे एक गोष्ट पक्की ठेवा. ताडोब्याच्या बाजूला कुणी रानगव्याचं शिंग किंवा जंगलात गळून पडलेलं चितळाचं शिंग आणून देईल. ते हातात घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे मेलेल्या वन्यप्राण्याचं शिंगसुद्धा सरकारी मालमत्ता असतं, आणि हॉक्सबिल व रानगवा दोन्ही पहिल्या अनुसूचीत आहेत. ‘जुनी आहे, आजोबांच्या काळची’ म्हणून कुणी कासवाची नखी पुढे केली, तरी उत्तर तेच.

करवंटी मात्र घरात असते. पूर्ण पिकलेल्या नारळाची, जाड बाजूची घ्या. कानशीने आकार द्या, मग काचकागद; टोक गोलसर ठेवा आणि नखी तारेवरून ज्या बाजूने सरकते ती कड तिरपी घासा, म्हणजे ती अडकत नाही. तीन मिलिमीटरवर थांबा. पहिले काही दिवस हात जड वाटेल आणि वेग पडेल. तेवढ्यावरून पातळ नखीकडे परत जाऊ नका. आधी मनगट सैल झालंय का ते तपासा.