लुइझियानाचे दोन पाकसंप्रदाय

अमेरिकेच्या दक्षिणेस, मिसिसिपी नदी जेथे मेक्सिकोच्या आखातास मिळते, त्या लुइझियाना प्रांतातील क्रिओल व केजन या दोन पाकपद्धतींचा उल्लेख बहुधा एका दमात होतो. आणि भेद विचारला, तर टोमॅटो असेल ते क्रिओल, नसेल ते केजन, असा सुटसुटीत निवाडा मिळतो. तो सर्वस्वी निराधार नाही. परंतु त्यात लक्षणालाच कारण मानले गेले आहे. खरा भेद आहे तो शिधा कोठून येई आणि चुलीपुढे कोण उभे राही, याचा.

क्रिओल स्वयंपाक हे न्यू ऑर्लिन्स या बंदराचे अपत्य होय. फ्रेंचांनी १७१८ मध्ये वसविलेले हे शहर पुढे स्पॅनिश अंमलाखाली गेले आणि १८०३ मध्ये अमेरिकेच्या स्वाधीन झाले. लोणी, मैदा, मद्य, मसाले आणि आखातातील कालवे-कोळंबी यांची पेठेत ददात नव्हती, आणि सधन घरांच्या मुदपाकखान्यात राबत ते प्रामुख्याने गुलाम म्हणून आणलेले आफ्रिकी स्त्री-पुरुष. फ्रेंच शिस्त, स्पॅनिश चव, आफ्रिकेची भेंडी आणि चॉक्टॉ आदिवासींची ससाफ्रासच्या पानांची पूड यांचा संगम त्यांच्याच हातून घडला. १८४० मध्ये निघालेले 'अँटोइन्स' हे उपाहारगृह याच नागर परंपरेचे.

केजनांची कुळकथा निराळी. कॅनडाच्या किनाऱ्यावरील अकेडियातून इंग्रजांनी १७५५ पासून हुसकावलेल्या या फ्रेंच रयतेपैकी काही कुटुंबे पुढील दशकात लुइझियानात पोहोचली. १७८५ मध्ये आणखी सुमारे सोळाशे जण फ्रान्समधून सात जहाजांनी आले. शीत मुलखातील ही गहू पिकविणारी माणसे पाणथळ प्रदेशात भाताची झाली; दलदलीतील क्रॉफिश, शिकार आणि घरचे डुक्कर यांवर त्यांचा प्रपंच चाले. डुक्कर मारण्याच्या दिवशी शेजारीपाजारी जमत. त्यातूनच भात भरलेले बूदँ, धुरावलेले अँदुई व तिखट तासो हे डुकराच्या मांसाचे प्रकार रूढ झाले.

कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची ही त्रयी दोघांनाही समान. फरक पडतो तो 'रू'पाशी, म्हणजे कालवण दाट करण्यासाठी स्निग्धात परतलेल्या मैद्यापाशी. क्रिओल घरात मैदा बहुधा लोण्यात परततात आणि रंग फिकट असतानाच थांबतात. केजन गृहिणी तेलात वा चरबीत तो चॉकलेटी होईपर्यंत ढवळीत राहते. मैदा जितका अधिक भाजावा, तितकी त्याची दाटपणा आणण्याची शक्ती घटते आणि खमंगपणा वाढतो. म्हणून केजनांचे गम्बो हे कालवण पातळ, काळसर व गंभीर चवीचे होते. जंबलाया या मसालेभाताचेही तसेच: शहरात टोमॅटोने लाल, तर खेड्यात पातेल्याच्या बुडाशी खरपूस परतलेल्या मांसाने तपकिरी.

ही सीमा अस्पष्ट केली ती पॉल प्रूडोम या केजन बल्लवाचार्याने. न्यू ऑर्लिन्सच्या 'कमांडर्स पॅलेस'मध्ये मुख्य आचारी राहून त्याने १९७९ मध्ये स्वतःचे उपाहारगृह काढले. मसाला माखून तापल्या बिडाच्या तव्यावर करपविलेला त्याचा रेडफिश इतका लोकप्रिय झाला की, या माशाच्या व्यापारी मासेमारीवर सरकारला निर्बंध घालावे लागले. जगाने त्यालाच प्राचीन केजन पदार्थ मानले. वस्तुतः ती शहरातील एका प्रतिभावंताची नवी उपज होती. बंदराची समृद्धी आणि खेड्याची काटकसर एकाच ताटात येऊ शकतात, हे त्याने दाखविले. परंतु त्यामुळे त्यांचे उगम एक ठरत नाहीत, आणि ज्यांच्या हातांनी ही चव घडविली त्यांचे ऋण तर मुळीच फिटत नाही.