फ्रॉकमधला मुलगा

श्रोतेहो, स्कॉटलंडमधील एकोणिसाव्या शतकातल्या कौटुंबिक फोटोत तीन वर्षांचे मूल फ्रॉकमध्ये दिसले, की आपण चटकन म्हणतो, 'ही मुलगी!' इथेच फसगत होते. त्या काळी चार-पाच वर्षांपर्यंत मुलगेही फ्रॉकच घालीत. कारण साधे : लंगोट बदलायला सोपे, आणि खालची दुमड उसवली की तोच फ्रॉक वाढत्या अंगाला पुरे. मग ओळखावे कसे? भांग पाहा, बाजूला असेल तर बहुधा मुलगा. मोठेपणी तरी नवी विजार मिळे का? १८४३ ते १८४७ च्या दरम्यान हिल आणि अ‍ॅडमसन यांनी एडिंबरोजवळच्या न्यूहेवन कोळीवाड्यात फोटो काढले. त्यांतल्या एका पोराच्या अंगात बापाची ढगळ विजार आहे! तेव्हा गुरुजी, जुन्या फोटोखाली नाव लिहिताना घाई नको. एका चुकीने घराण्यातला मुलगा कायमचा हरवतो.