साखळीतला पैसा येतो कुठून?

शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव एमआयडीसीत कंत्राटावर लागलेल्या पोराला काही महिन्यांनी ब्रेक मिळतो आणि पुढचं बोलावणं येईपर्यंत तो गावात मोकळा असतो. दौंड तालुक्यात कुरकुंभच्या केमिकल कंपन्यांभोवतीही हीच कथा. घरी दोन जनावरं, पाटपाण्याच्या भरवशावरचा ऊस, दर दहा दिवसांनी येणारं दुधाचं बिल आणि डोक्यावर मोटारसायकलचा हप्ता. अशा वेळी ओळखीच्या माणसाचा फोन येतो. ‘काम काय ते फोनवर नाही सांगता येणार, तू फक्त ये. एक तास दे.’

फोन करणारा परका नसतो, ही यातली सगळ्यात मोठी गोष्ट. तो मावसभाऊ असतो, दहावीतला मित्र असतो, बचत गटातली ताई असते, कधी निवृत्त गुरुजी असतात. त्यामुळे नाही म्हणणं जड जातं आणि प्रश्न विचारणं त्याहून जड. हॉल शिक्रापूरला, नाहीतर पुण्यात. तिथे आधी गाड्यांचे आणि परदेश दौऱ्यांचे फोटो दाखवतात. मग फळ्यावर एक गोल, त्याखाली दोन, त्याखाली चार. ‘हे तुम्ही. ही तुमची लेफ्ट, ही राइट.’ उत्पादनावर पाच मिनिटं, माणसं जोडण्याच्या प्लॅनवर पाऊण तास. शेवटी जॉइनिंगचा आकडा आणि ‘आजच आयडी लावली तर वरची जागा मिळेल’ अशी घाई.

ते गोल घरी आणून आपल्याच दोन तालुक्यांत मोजून पाहावेत. समजा एकाने सहा जण जोडले आणि त्या प्रत्येकाने आणखी सहा. 6, 36, 216, 1,296, 7,776, 46,656 असं करत सातव्या पायरीवर 2,79,936 माणसं लागतात. पहिल्यापासून सगळी मिळून 3,35,922. शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत मिळून साडेसात लाखांच्या आसपास होती, पाळण्यातली बाळं आणि अंथरुणाला खिळलेले आजी-आजोबा धरून. आठव्या पायरीला सोळा लाखांहून जास्त माणसं हवीत. ती आणायची कुठून?

या हिशेबातली खरी मेख मात्र पुढेच आहे. साखळी कुठेही थांबवा, त्या क्षणी शेवटच्या पायरीवर जे उभे असतात त्यांच्या खाली कुणीच नसतं. सहाच्या हिशेबात दर सहातले पाच जण तिथे असतात, तर लेफ्ट-राइटच्या प्लॅनमध्ये निम्मे. ते आळशी असतात म्हणून नव्हे. प्लॅनची रचनाच अशी आहे की बहुसंख्य माणसं तळाशीच राहणार. ‘जो मेहनत करेल तो वर जाईल’ हे वाक्य एकेकट्या माणसाबद्दल खरं ठरूही शकेल, सगळ्यांबद्दल मात्र ते कधीच खरं ठरू शकत नाही. आणि हॉलमध्ये ते सगळ्यांना उद्देशून म्हटलेलं असतं.

म्हणून जॉइनिंगचे पैसे देण्याआधी एकच गोष्ट खोदून विचारायला हवी: वरच्यांना मिळणारा पैसा येतो कुठून? केडगाव-राहू भागातलं गुऱ्हाळ डोळ्यांसमोर आणा. उसाचे पैसे, चुलवाणावरच्या मजुराचे पैसे, मालकाचा नफा हे सगळं शेवटी गूळ विकत घेऊन घरी नेणाऱ्या गिऱ्हाइकाच्या खिशातून येतं. त्या गिऱ्हाइकाला गुऱ्हाळाचा भागीदार व्हायचं नसतं, त्याला गूळ हवा असतो. नेटवर्क मार्केटिंगच्या कंपनीतही असं गिऱ्हाईक हवं. साबण, पावडर, पाण्याचं मशिन जे काही असेल ते, कमिशनची आशा नसताना, त्याच किमतीला विकत घेणारा बाहेरचा माणूस. असे ग्राहक पुरेसे असतील तर तो व्यापार. आणि माल घेणारे सगळेच आपली सभासदाची आयडी चालू राहावी म्हणून घेत असतील, तर नव्याने आलेल्याचा पैसा जुन्याच्या हातात जातोय, एवढंच.

स्पीक एशियाचं प्रकरण या कसोटीवर आधीच तपासता आलं असतं. 2010-11 मध्ये या सिंगापूरस्थित कंपनीने 11,000 रुपये वर्गणी घेऊन लोकांना इंटरनेटवर सर्वेक्षणं भरायला बसवलं. त्याचे पैसे मिळत, शिवाय नवा सभासद आणला की वेगळे. देशभरात सुमारे 24 लाख लोक त्यात गेले. पुढे मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने तपास केला, तेव्हा गैरव्यवहाराचा आकडा दोन हजार कोटींच्या वर गेला. खरी सर्वेक्षणं असतील तर ती करवून घेणाऱ्या कंपन्या पैसे देतील. मग सर्वेक्षण भरणाऱ्याकडून 11,000 कशाला? हा प्रश्न विचारायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. दूध घालणारा कुठलाही शेतकरी तो विचारेल. डेअरी दूध घेते आणि पैसे देते, दूध घालण्यासाठी वर्गणी मागत नाही.

त्यानंतर गेनबिटकॉइन आलं, आणि त्याचे गुन्हे तर आपल्या पुण्यातच दाखल झाले. बिटकॉइन गुंतवा, 18 महिने दरमहा 10 टक्के परतावा घ्या, आणखी लोक आणलेत तर वर कमिशन. म्हणजे दीड वर्षात 180 टक्के. 2017 मध्ये परतावा बिटकॉइनऐवजी कंपनीच्याच एमकॅप नावाच्या टोकनमध्ये द्यायला सुरुवात झाली, ज्याला बाजारात फारशी किंमत नव्हती. 2018 मध्ये पुणे पोलिसांनी सूत्रधार अमित भारद्वाजला अटक केली. 2022 च्या जानेवारीत त्याचा मृत्यू झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये तपासाला मदत करणाऱ्या दोन सायबर तज्ज्ञांनाच, जप्तीतलं चलन वळवल्याच्या आरोपावरून, पुणे पोलिसांनी पकडलं. पुढे सर्वोच्च न्यायालयाने देशभरातले गुन्हे सीबीआयकडे सोपवले, आणि सीबीआयचे छापे फेब्रुवारी 2025 मध्येही चालू होते. ज्याने आपल्या मेव्हण्याला यात घातलं असेल, त्याला इतकी वर्षं त्याच्यासमोर बसून जेवावं लागलंय. पैशाच्या नुकसानीचा आकडा तक्रारीत लिहिता येतो, हे नुकसान कुठल्याच कागदावर येत नाही.

सगळ्याच कंपन्या अशा आहेत असं म्हणणं अन्यायाचं होईल. थेट विक्री, ज्यात नेटवर्क मार्केटिंगही येतं, हा भारतात कायदेशीर व्यवसाय आहे. 28 डिसेंबर 2021 रोजी केंद्र सरकारने ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम लागू केले. कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय भारतात हवं, विक्रेत्याशी लेखी करार हवा, तक्रार निवारण अधिकारी हवा, आणि पिरॅमिड योजना किंवा पैसे फिरवण्याची योजना चालवायला मनाई, हे त्यात स्पष्ट आहे. जॉइनिंग फी घेऊ नये, विचार बदलला तर ठरावीक मुदतीत बाहेर पडता यावं, न विकलेला चांगल्या अवस्थेतला माल कंपनीने परत घ्यावा, या गोष्टी 2016 च्या मार्गदर्शक सूचनांतच आल्या होत्या.

त्याच्याही आधीचा एक कायदा गावोगावच्या ‘लीडर’ मंडळींनी नीट वाचावा: 1978 चा प्राइझ चिट आणि मनी सर्क्युलेशन बंदी कायदा. अशी योजना चालवणारा तर त्यात दोषी आहेच, पण तिच्यात सभासद होणारा आणि तिच्यासाठी पैसे घेणारा-देणाराही त्या बंदीखाली येतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैदेची. ‘मी फक्त माहिती दिली, पैसे कंपनीने घेतले’ हा बचाव वाटतो तितका भक्कम नाही.

नामांकित कंपनी आहे म्हणून प्रश्न मिटतो असंही नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 1979 मध्ये ॲमवे ही पिरॅमिड नाही असा निकाल दिला. त्यामागे कंपनीचे काही नियम होते: घेतलेल्या मालापैकी 70 टक्के माल विकल्याशिवाय बोनस नाही, महिन्याला किमान दहा किरकोळ ग्राहक हवेत, उरलेला माल परत घेतला जाईल. म्हणजे तिथेही कसोटी बाहेरच्या गिऱ्हाइकाचीच होती. त्याच कंपनीच्या भारतातल्या शाखेची 757.77 कोटी रुपयांची मालमत्ता ईडीने एप्रिल 2022 मध्ये, बहुस्तरीय पिरॅमिड चालवल्याचा आरोप ठेवून, जप्त केली. आपण कायदा पाळूनच व्यवसाय करतो, अशी कंपनीची भूमिका आहे.

कमाईबद्दल हॉलमध्ये एकाच्याच चेकचा फोटो दाखवतात. सरासरी कुणी सांगत नाही, ती आपण काढावी. इंडियन डायरेक्ट सेलिंग असोसिएशन या कंपन्यांच्याच संघटनेनुसार 2023-24 मध्ये देशातली एकूण विक्री 22,142 कोटींची झाली आणि सक्रिय विक्रेते होते सुमारे 88 लाख. भागाकार केला तर माणशी वर्षाला पंचवीस हजारांची विक्री, महिन्याला साधारण 2,100 रुपयांची. ही विक्री आहे, मिळकत नाही. त्यातलं वीस टक्के कमिशन सुटलं असं धरलं तरी महिन्याला सव्वाचारशेच्या आत. शिवाय वरचे मोजके जण मोठा वाटा नेतात, म्हणजे बाकीच्यांची सरासरी याहून खाली. अमेरिकेतही वेगळं नाही. फेडरल ट्रेड कमिशनने सप्टेंबर 2024 मध्ये अशा कंपन्यांची 70 उत्पन्नपत्रकं तपासली. बहुतेक सहभागींना वर्षाला हजार डॉलर किंवा त्याहून कमी मिळाले होते, आणि तेही स्वतःचा खर्च वजा न करता.

खर्चाचीच वही लोक ठेवत नाहीत. मांडवगण फराट्याहून पुण्याच्या सेमिनारला जायचं तर एसटी किंवा पेट्रोल, सेमिनारचं तिकीट, बाहेरचं जेवण, बुडालेला दिवसाचा रोज. नव्या माणसाला प्लॅन दाखवायला नेलं तर त्याचा चहा-नाश्ता आपल्याकडे. महिना संपत आला आणि रँक टिकवायला पॉइंट कमी पडले, की स्वतःच्याच पैशाने माल घ्यायचा. घराघरांत माळ्यावर जे डबे पडून असतात ते या शेवटच्या आठवड्याच्या खरेदीचे. एका पानावर आलेलं कमिशन आणि समोरच्या पानावर हा सगळा खर्च लिहिला, तर तीन महिन्यांत चित्र स्पष्ट होतं. आधीपासून यात असलेल्या नातेवाइकाकडे आयडीचा स्क्रीनशॉट मागण्याऐवजी त्याच्या बँक पासबुकाच्या सहा महिन्यांच्या नोंदी आणि अशी वही मागावी. खरोखर कमावणाऱ्याला ती दाखवायला अडचण नसते.

मालाची पारखही घरबसल्या होते. प्रोटीन पावडरचा डबा घ्या, किंमत ग्रॅमने भागा, डब्यामागे छापलेलं प्रथिनांचं प्रमाण पाहा आणि शिरूरच्या मेडिकलमध्ये तेवढ्याच प्रथिनांचा डबा कितीला मिळतो ते विचारा. किमतीत थोडा फरक असेल तर तो दर्जाचा असू शकतो. दुप्पट-तिप्पट असेल, तर त्या जादा पैशातून वरच्या पायऱ्यांचं कमिशन निघतं. असा डबा गल्लीतल्या चार घरी, प्लॅनचं नावही न काढता, फक्त डबा म्हणून विकून पाहावा. चारातल्या एकानेही घेतला नाही तर तिथेच थांबणं शहाणपणाचं.

‘कंपनी सरकारमान्य आहे’ हे ऐकलं की अनेकांचा धीर वाढतो. कंपनी कायद्याखालची नोंदणी, पॅन, जीएसटी क्रमांक हे कुठल्याही कंपनीला मिळतात. त्यातून प्लॅन तपासला गेला असं सिद्ध होत नाही. कमिशनवर टीडीएस कापला जातो, याचा अर्थ कर भरला गेला, इतकाच. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनी कधी स्थापन झाली, संचालक कोण, ताळेबंद भरले आहेत का, हे पाहता येतं. योजनेत परताव्याची हमी किंवा ठेव असेल तर रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ संकेतस्थळावरही चौकशी आणि तक्रार करता येते. कराराची प्रत हातात मागावी, जमल्यास मराठीत, आणि ती चार दिवस घरी ठेवून वाचावी. चार दिवसांत जी संधी निघून जाते, ती तशीही फार दिवस टिकणारी नसते.

जे आधीच आत गेले आहेत त्यांनी पहिलं काम म्हणजे आणखी कुणाला जोडणं थांबवावं. मग करार काढून बाहेर पडण्याची आणि माल परत करण्याची मुदत पाहावी, आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी पत्र किंवा ईमेल करावा. 2021 च्या नियमांप्रमाणे ग्राहकाच्या तक्रारीची पोच कामकाजाच्या 48 तासांत आणि निवारण साधारण महिनाभरात व्हायला हवं. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915, त्यापुढे पुण्याचा जिल्हा ग्राहक आयोग. पैसे बुडवून कंपनीच गायब झाली असेल तर शिरूर, शिक्रापूर, रांजणगाव, दौंड, यवत यांपैकी आपल्या हद्दीच्या पोलिस ठाण्यात तक्रार द्यावी. ठेवी घेतल्या असतील तर 1999 च्या ठेवीदार संरक्षण कायद्याखाली, म्हणजे एमपीआयडीखाली, मालमत्ता जप्त करता येते. जाताना यूपीआयच्या नोंदी, व्हॉट्सॲपवरचे मेसेज, पावत्या आणि मालाची बिलं सोबत न्यावीत. रोख रक्कम अपलाइनच्या, म्हणजे आपल्याला जोडणाऱ्याच्या, हातात दिली असेल तर कुठल्या तारखेला, कुणासमोर, किती, हे आठवेल तसं आजच लिहून काढावं, कारण अशा तक्रारींत पहिला प्रश्न त्याचाच येतो.