टक्का कशावर?

सकाळी ७.३०. टिळकनगरच्या घरी पोह्यांवर शेव-जिरावण पडेपर्यंत ऑटोक्लेव्ह केलेली पाकिटं बॅगेत भरून होतात : एलिव्हेटर, हँडपीस, टाक्यांचं सामान. बीडीएसची पाच वर्षं, वर एमडीएसची तीन, आणि आता आम्ही ओरल सर्जन इंदूरभर फिरस्ते. बॅग माझी, खुर्ची दुसऱ्याची, पेशंटही त्याचाच. पैशाचे सगळे घोळ इथूनच सुरू होतात.

९.००. विजयनगर. खालची अक्कलदाढ, आडवी आणि हाडात अर्धी रुतलेली. ओठ बधिर झाल्याची खात्री केली, हिरडी उचलली, सलाईनच्या धारेखाली हाड कोरलं. दाढ अख्खी निघणार नव्हतीच. दोन तुकडे करून काढली. तीन टाके. इथे माझी केस-फी ठरलेली आहे. पेशंटने घासाघीस केली तरी ती क्लिनिकशी, माझ्या आकड्याला धक्का नाही. पण वीस मिनिटांची दाढ दीड तास खाऊन गेली तरी फी तीच. म्हणून एक्स-रे आदल्या दिवशी मोबाइलवर मागवते आणि मुळं नसेला चिकटलेली दिसली की पैशाचं तेव्हाच बोलून घेते. तिसऱ्या दिवशी ठणका लागून पेशंट परत आला तर ती फेरी मात्र फुकट.

११.३०. पलासिया. इम्प्लांट, आणि इथे टक्केवारी. समजा पेशंटचं बिल ३०,००० आणि माझे ४० टक्के. सरळ हिशेबाने १२,००० होतात. पण इम्प्लांट आणि लॅबची कॅप यांचे १२,००० आधी वजा झाले तर टक्का उरतो १८,००० वर, म्हणजे ७,२००. त्यात क्लिनिकचे डॉक्टर हसत सांगतात, “ताई, आपल्या गल्लीतलेच आहेत, तीन हजार सोडले.” झाले ६,०००. बोली चाळीस टक्क्यांचीच आहे, कुणी खोटंही बोललेलं नाही! शिवाय पेशंट हप्त्याने देणार असेल तर वाटा बिलावर की जमा झालेल्या रकमेवर, हा प्रश्न राहतोच. नव्या मुलांना चाळीस की पन्नास याचीच चिंता असते. माझ्या मते तो आकडा दुय्यम आहे.

दुपारी १.३०. डबा खाता खाता मैत्रिणीचा फोन. ती शिकवते. १९६१ पासून चालत आलेलं सरकारी दंत महाविद्यालय असो वा खाजगी कॉलेज, तिथे महिना भरला की पगार, पेशंट चार असोत की चाळीस. हेवा वाटतो, विशेषतः मे महिन्यात.

३.००. एका रुग्णालयातून बोलावणं. बाईक घसरली, हेल्मेट नव्हतं, खालचा जबडा दोन ठिकाणी मोडलेला. नाकातून नळी घालून भूल. आधी वरखालचे दात एकमेकांवर नीट बसवून तारेने बांधले, मगच टायटॅनियमच्या प्लेट्स. दात जुळले नाहीत तर एक्स-रे कितीही देखणा येवो, माणसाला पोळी चावता येत नाही. पेशंट आयुष्मानचा. २०१८ पासूनच्या या योजनेत कुटुंबाला वर्षाकाठी ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात; पण पॅकेजची रक्कम रुग्णालयाकडे जाते आणि खाट, औषध, डॉक्टर सगळे त्यातच. क्लेम मंजूर होऊन पैसे आले की मग सर्जनची पाळी. भूलतज्ज्ञ स्वतःचे त्याच दिवशी घेऊन जातात. ती कला मला अजून साधलेली नाही.

रात्री ९.००. वही. ही कमाई पगार नव्हे, व्यावसायिक फी. त्यामुळे १० टक्के टीडीएस कापून येतो, पीएफ नाही, भरपगारी रजा नाही. वर्षाची आवक ७५ लाखांच्या आत आणि रोखीचा भाग ५ टक्क्यांच्या आत असेल तर निम्मी रक्कम उत्पन्न धरून कर भरायची सोय आहे. मग मोटर, हँडपीस, पेट्रोल यांचा खर्च वेगळा दाखवता येत नाही.

एमडीएस होऊन बाहेर पडणाऱ्यांनो, पहिल्या केसआधी एवढं लिहून घ्या, व्हॉट्सअॅपवर का होईना : टक्का बिलावर की वसुलीवर, सामान आणि लॅब कुणाच्या खिशातून, सूट कुणाच्या वाट्यातून, आणि पैसे कोणत्या तारखेला.