चित्रातून निदान – भाग ९ : माकडहाडाजवळची गाठ

क्रिकेटपटू युवराज सिंगने २०१२ मध्ये ज्या गाठीवर अमेरिकेत उपचार घेतले, ती होती छातीत, दोन फुफ्फुसांच्या मध्ये. पण जात बीजपेशींच्या गाठीची. बीजपेशी छातीत कशा पोचल्या, असा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला होता. गर्भाच्या चौथ्या ते सहाव्या आठवड्यात या पेशी लांबून प्रवास करत वृषणाच्या किंवा बीजकोशाच्या जागी येतात, हे आपण मागे पाहिले. त्यातल्या काही वाट चुकतात. म्हणून या गाठी शरीराच्या मधल्या रेषेवर मेंदूत, छातीत, पोटाच्या मागच्या बाजूला आणि तळाशी माकडहाडापाशीही सापडतात. माकडहाडापाशी तर गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या, कुठलाही अवयव घडवू शकणाऱ्या पेशी उरून राहत असाव्यात, असेही मानतात. त्यामुळे तिथल्या गाठीत चरबी, केस, हाड, कधी दातसुद्धा मिळतो. हिला टेराटोमा म्हणतात.

ही गाठ साधारण ३५ ते ४० हजार बाळंतपणांत एखाद्या बाळाला होते. आणि मुलांपेक्षा मुलींना ती तीन-चार पट अधिक होते. कोल्हापुरात बसून लिहिताना हे वाक्य सहज पुढे सरकत नाही.

२००१ च्या जनगणनेत या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे फक्त ८३९ मुली होत्या. गर्भाचे लिंग दाखवणाऱ्या सोनोग्राफीच्या मशीनचा त्यात मोठा हात होता. लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना इथे मशीनला ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ नावाचे यंत्र जोडण्याची मोहीम सुरू झाली. पडद्यावर जे दिसते त्याची नोंद राहायची आणि गरोदर बाईच्या सोनोग्राफीचा तपशील व कारण लिहायचा एफ फॉर्म ऑनलाइन भरावा लागायचा. रेडिओलॉजिस्टांची संघटना कोर्टात गेली. २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जिल्हा प्रशासनाच्या बाजूने निकाल दिला. तो योग्यच होता, असे माझे मत.

मात्र कायद्याने बंदी आहे ती लिंग शोधण्यावर आणि सांगण्यावर. बाळाच्या पाठीचा कणा शेवटच्या मणक्यापर्यंत पाहायला कोणीही मनाई केलेली नाही. उलट, गर्भातली व्यंगे शोधणे हे एफ फॉर्ममध्येच सोनोग्राफीचे मान्य कारण म्हणून छापलेले आहे.

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत काय दिसते? डॉक्टर प्रोब कण्याच्या रेषेवरून खाली सरकवतात. मणके पांढऱ्या ठिपक्यांच्या दोन समांतर ओळींसारखे दिसतात आणि खाली त्या ओळी निमुळत्या होत जुळतात. टेराटोमा असेल तर या टोकाला लागून फुगवटा दिसतो. त्यात पाण्याच्या काळ्या पोकळ्या, मधेमधे करडा घट्ट भाग आणि कॅल्शियमचे चमकते कण. पाठीवर उघडी राहिलेली मज्जारज्जूची पिशवीही पहिल्या नजरेत अशीच वाटू शकते. तेव्हा डॉक्टर बाळाचे डोके पाहतात. मज्जारज्जूच्या व्यंगात कवटी पुढून लिंबासारखी टोकदार होते आणि मेंदूचा मागचा भाग खाली ओढला जातो. टेराटोमात डोके ठीकठाक असते.

पुढचे काम डॉपलरचे. घट्ट आणि रक्ताळलेली गाठ बाळाचेच रक्त ओढून घेते, हृदयावर ताण येतो, अंगाला सूज चढते. म्हणून गाठीच्या आकाराइतकेच हृदयाच्या आकाराकडे लक्ष ठेवावे लागते. गाठ ओटीपोटात किती आत शिरली आहे ते एमआरआयमध्ये नीट कळते. गाठ मोठी असेल तर सिझेरियन ठरवतात, आणि बाळंतपण बालशल्यचिकित्सक हाताशी असतील अशाच ठिकाणी करावे लागते. शस्त्रक्रियेत गाठीसोबत माकडहाडही काढतात. ते मागे राहिले तर गाठ पुन्हा येण्याचा धोका बराच वाढतो.

गाठ किती बाहेर, किती आत यावरून पडणाऱ्या प्रकारांत फसवतो तो चौथा. यात गाठ सगळीच्या सगळी ओटीपोटाच्या आत असते, बाहेर काहीच दिसत नाही. मूल वर्षा-दोन वर्षांचे होते, शौचाला कुंथते, लघवी अडते, आणि घरात एरंडेलाचे प्रयोग चालू राहतात. जन्मतः यातल्या बहुतेक गाठी साध्या असतात, पण दोन महिन्यांनंतर त्या कर्करोगी निघण्याची शक्यता झपाट्याने वाढते. इतका उशीर झाला तरी सगळे संपत नाही. सिस्प्लॅटिनवर आधारलेल्या केमोथेरपीला या गाठी चांगल्या दबतात. रक्तातल्या अल्फा-फीटोप्रोटीन (एएफपी) या प्रथिनावरून उपचाराचा अंदाज घेतात. मात्र नवजात बाळात एएफपी मुळातच भरपूर असते, म्हणून तो आकडा वयाच्या तक्त्याशी ताडूनच वाचायचा, एरवी नुसती घबराट होते.

घरात कोणी गरोदर असेल तर पाचव्या महिन्याची तपासणी चुकवू नका, आणि मशीनसमोर एकच प्रश्न विचारा : कणा शेवटपर्यंत नीट दिसला का? हा प्रश्न कायद्याला धरून आहे. सोनोग्राफी नीट असूनही तान्ह्या बाळाचे पोट सतत साफ होत नसेल, तर घरगुती उपायांत दिवस न घालवता बालरोगतज्ज्ञांकडे जा. पुढच्या आठवड्यात मेंदूतली बीजपेशींची गाठ.