वैद्याचा हात आणि अपघात विमा : संस्थेचा की स्वतःचा?

आपल्या सभासदांपैकी पुष्कळ जण दिवसा महाविद्यालयात वा रुग्णालयात नोकरी करतात आणि सायंकाळी स्वतःचे चिकित्सालय चालवितात. अपंगत्वाच्या विम्याचा विषय निघाला की, "संस्थेचा गट विमा आहे ना!" असे उत्तर मिळते. आम्हीही अनेक वर्षे याच उत्तरावर निर्धास्त होतो. नोकरी सोडून पूर्णवेळ व्यवसाय सुरू केला, तेव्हा शेवटच्या वेतनाबरोबर ते संरक्षणही संपल्याचे ध्यानी आले.

गट विम्याची पॉलिसी संस्थेच्या नावे असते. रक्कम आणि नूतनीकरण संस्थाच ठरविते. रक्कम बहुधा वेतनाच्या पटीत असल्याने सायंकाळच्या उत्पन्नाचा तीत विचार नसतो. हप्ता मात्र बहुधा संस्था भरते, हेही थोडके नव्हे.

स्वतःच्या पॉलिसीचा हप्ता आपल्यालाच भरावा लागतो, पण नोकरी सुटली तरी ती आपल्याजवळ राहते. २०२१ पासून विमा नियामक प्राधिकरणाच्या आदेशाने 'सरल सुरक्षा विमा' ही समान अटींची पॉलिसी उपलब्ध आहे. तीत अडीच लाखांपासून एक कोटीपर्यंत विमा रक्कम घेता येते.

पॉलिसी कोणतीही असो, अपंगत्वाचा तक्ता अवश्य वाचावा. आपल्याकडील अनेक पॉलिसींत एक हात गमावल्यास निम्मी रक्कम मिळते, संपूर्ण अंगठ्यास पंचवीस टक्के, तर संपूर्ण तर्जनीस अवघे दहा टक्के. ज्या बोटाखाली आपण वाताची नाडी पाहतो, त्याचे हे मोल! दहा लाखांच्या विम्यावर एक लाख. शिवाय 'कायम संपूर्ण अपंगत्व' म्हणजे कोणताही व्यवसाय करण्यास असमर्थता, अशी व्याख्या पुष्कळदा असते. पंचकर्म करता येत नसले तरी वर्गात शिकविता येते, म्हणून दावा अमान्य होऊ शकतो. आणि हा विमा केवळ अपघाताचा. पक्षाघाताने हात लुळा पडल्यास त्यातून काहीही मिळत नाही. त्यासाठी गंभीर आजारांचा विमा निराळा घ्यावा लागतो.

मनगट मोडून दीड महिना चिकित्सालय बंद राहिले, तर नोकरदारास रजा असते. व्यावसायिकास कोण देणार? म्हणून स्वतःच्या पॉलिसीत तात्पुरत्या अपंगत्वाचा साप्ताहिक लाभ जोडून घ्यावा, असे आमचे मत आहे.

दोन्ही विमे एकाच वेळी ठेवता येतात. लाभ ठरावीक रकमेचा असल्याने सामान्यतः दोन्हींकडून रक्कम मिळते. प्रस्ताव अर्जात मात्र दुसऱ्या विम्याचा उल्लेख करावा. संस्थेकडे गट पॉलिसीची प्रत मागावी. आम्ही ती कधीच मागितली नव्हती.