बारा सेंटिमीटरमधली रात्र

पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतलं नाटक रात्री दहाच्या सुमारास उभं राहतं आणि पहाटेपर्यंत चालतं. त्याचा पाच तासांचा आवाज दोन वाहिन्यांत, ९६ किलोहर्ट्झ आणि २४ बिट या दर्जानं मुद्रित केला, तर तो १० जीबीहून थोडा जास्त भरतो. तेवढं साठवायला साध्या सीडी १५ लागतात, डीव्हीडी ३. ब्लू-रेच्या २५ जीबीच्या एकाच तबकडीत सगळं नाटक मावतं आणि निम्म्याहून जास्त जागा शिल्लक राहते.

हा हिशेब मांडायचं कारण म्हणजे संपादकांचा प्रश्न. गोंदिया जिल्ह्यातलं गाणं-बजावणं कुणी उत्तम दर्जात मुद्रित करायचं ठरवलंच, तर ते ठेवायचं कशावर? इथे गाण्याला तोटा नाही. भाऊबीजेपासून गावोगावी मंडई नावाची जत्रा भरते. दंडार, खडी गंमत ही लोकनाट्यं आणि झाडीपट्टीची नाटकं यांचा हंगाम होळीपर्यंत चालतो. अर्जुनी मोरगावकडचा भाग तर शेजारच्या वडशाच्या नाटक मंडळ्यांच्या वाटेवरच आहे. सालेकसा तालुक्यात कचारगडला माघ पौर्णिमेच्या सुमारास अनेक राज्यांतून गोंड भाविक येतात आणि डोंगरपायथा गोंडी गाण्यांनी आणि ढोलांनी भरून जातो. २०२३ साली झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा उरलेल्या महाराष्ट्रानं या रंगभूमीकडे वळून पाहिलं. पण त्या रात्रींचा आवाज मोबाइलवर घेतला जातो, दाबून लहान केलेल्या फाइलींतून फिरतो आणि मोबाइल बदलला की जातो. मला त्याची काळजी वाटते.

उच्च दर्जाचं मुद्रण हे श्रीमंत घरातल्या महागड्या स्पीकरसाठीच असतं, असा एक समज आहे. मंडपात माइक घेऊन बसणाऱ्याला त्याची गरज जास्त असते. एक बिट वाढला की सगळ्यांत हळू आणि सगळ्यांत मोठ्या आवाजातलं अंतर सुमारे ६ डेसिबलनं वाढतं. सीडीच्या १६ बिटांत ते ९६ डेसिबल भरतं, २४ बिटांत कागदावर १४४. प्रत्यक्षात यंत्रं एवढं देत नाहीत, पण जे मिळतं ते पुष्कळ असतं. दंडारीत ढोल कधी कडाडेल ते आधी कळत नाही आणि पुढच्याच क्षणी गाणारा माइकपासून चार पावलं लांब गेलेला असतो. १६ बिटांत पातळी कमी ठेवली तर गाणं गुरगुरीत बुडतं आणि जास्त ठेवली तर ढोल फाटतो. २४ बिटांत पातळी बरीच खाली ठेवूनही गाणं स्वच्छ वर काढता येतं. ९६ किलोहर्ट्झचा फरक कानाला ऐकू येतो का, यावर जाणकारांचं एकमत नाही आणि मीही त्या वादात शिरत नाही. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं जतनासाठी २४ बिट आणि किमान ४८ किलोहर्ट्झ सांगितले आहेत आणि शक्य तिथे ९६ची शिफारस केली आहे. मुद्रण एकदाच होणार असेल तर ती मानावी.

तबकडीचा अधिकृत इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९८२च्या ऑक्टोबरात सोनीचा पहिला सीडी प्लेअर जपानमध्ये विकायला आला. ती सीडी कारखान्यात छापलेली, फक्त वाजवायची होती. घरी लिहिता येईल अशी सीडी-आर ताइयो युडेन या जपानी कंपनीनं १९८८च्या सुमारास तयार केली. १९९७मध्ये लिहिता येणारी डीव्हीडी आली आणि नव्या शतकात ब्लू-रे. १९९९ साली नोएडाच्या मोझर बेअरनं सीडी-आर बनवायला घेतली आणि काही वर्षांतच ती जगातल्या मोठ्या उत्पादकांत गणली गेली. भंडाऱ्यातून वेगळा होऊन गोंदिया जिल्हा झाला तो त्याच वर्षीच्या १ मे रोजी. या जिल्ह्याच्या पहिल्या दशकात गावच्या दुकानात ‘एक सीडी राइट करून दे’ म्हटल्यावर हातात पडायची ती तबकडी बहुधा देशातच तयार झालेली असे.

मला खरं कुतूहल आहे ते त्या ‘राइट’ होण्याचं. कोऱ्या सीडी-आरवर एक सर्पिल खोबण आधीच कोरलेली असते. तिचे दोन वळसे १.६ मायक्रोमीटर अंतरावर असतात आणि उलगडली तर ती पाच किलोमीटरहून लांब भरते. ही खोबण सरळ नसून किंचित नागमोडी असते. त्या नागमोडीतच लेसरला आपण कुठे आहोत, किती वेगानं फिरायचं आणि ही तबकडी कोणत्या उत्पादकाची आहे, हे कळतं. खोबणीवर सेंद्रिय रंगाचा पातळ थर आणि त्याच्यावर चांदीचा किंवा सोन्याचा आरसा असतो. सीडी उलटी धरली की कधी हिरवट, कधी गडद निळा, कधी सोनेरी दिसतो तो हाच रंग. सायनीन, अॅझो आणि थॅलोसायनीन अशी त्यांची घराणी आहेत. लिहिताना ७८० नॅनोमीटरचा लेसर क्षणभर जोर वाढवतो, रंग त्या ठिपक्यापुरता तापून बिघडतो आणि तिथून प्रकाश कमी परततो. वाचताना तोच लेसर अगदी मंद चालतो. लिहिण्याआधी ड्राइव्ह आतल्या बाजूच्या राखीव पट्ट्यावर वेगवेगळ्या जोरानं चाचणी घेऊन पाहतो आणि या तबकडीला किती आच लागेल ते ठरवतो. एका स्वस्त यंत्रानं दर वेळी एवढी दक्षता घ्यावी, याचं मला फार कौतुक वाटतं.

डीव्हीडीत लेसर ६५० नॅनोमीटरचा झाला आणि ब्लू-रेत ४०५चा, जांभळ्याकडे झुकणारा. प्रकाशाची लहर आखूड झाली तसे ठिपके लहान झाले आणि वळसे जवळ आले. ब्लू-रेची खोबण सुमारे २७ किलोमीटर भरते. थरांची जागाही बदलली. सीडीत आरसा वरच्या लेबलाखाली जेमतेम लाखेच्या थराइतका खोल असतो, म्हणून टोकदार बॉलपेननं लिहिलेलं नाव खालच्या चकचकीत बाजूच्या ओरखड्यापेक्षा जास्त घात करतं. डीव्हीडीत तो ०.६ मिलीमीटरच्या दोन चकत्यांमध्ये सुरक्षित बसतो. ब्लू-रेत पुन्हा पृष्ठभागापासून ०.१ मिलीमीटरवर येतो, फक्त त्यावर कठीण लेप असतो.

पण ज्या यंत्रणेनं मला सर्वांत जास्त थांबवलं, ती दिसत नाही. तबकडीवरची कोणतीही माहिती सलग लिहिलेली नसते. शेजारशेजारचे तुकडे मुद्दाम लांब लांब विखुरतात आणि त्यांच्यासोबत रीड-सॉलोमन पद्धतीचे जादा आकडे लिहितात, म्हणजे हरवलेला तुकडा उरलेल्यांवरून गणितानं परत मिळवता येतो. सगळं बियाणं एकाच बांधीत टाकलं आणि तिथेच पाणी तुंबलं तर हंगाम गेला. तेच अनेक बांध्यांत वाटलं तर प्रत्येकीतलं थोडं जातं, पीक मात्र हाती येतं. सीडीवर खोबणीच्या दिशेनं सुमारे अडीच मिलीमीटरचा पट्टा पूर्ण गेला तरी या रचनेमुळे आवाज जसाच्या तसा परत मिळतो. म्हणूनच ओरखडे पडलेली सीडी वाजते.

आणि म्हणूनच ती आपल्याला फसवते. रंग दरवर्षी थोडा उतरत असतो, चुका वाढत असतात, पण दुरुस्ती जोवर पुरते तोवर ऐकणाऱ्याला काहीही कळत नाही. पट्टीवरची कॅसेट म्हातारी झाली की वरचे स्वर मंदावतात, सरसर वाढते आणि माणूस सावध होतो. तबकडी शेवटच्या दिवसापर्यंत ठणठणीत वाटते. गाण्याच्या सीडीत दुरुस्ती कमी पडली तर प्लेअर आजूबाजूच्या नमुन्यांवरून अंदाज बांधून भोक झाकतो. आपण २४ बिटांचं मुद्रण ठेवतो ते मात्र फाइल म्हणून, आणि फाइलच्या बाबतीत असा अंदाज चालत नाही. त्यासाठी दुरुस्तीचा आणखी एक थर दिलेला असतो. तोही संपला की पाच तासांचं नाटक उघडतच नाही.

यावर उपाय आहे आणि तो संगीत ठेवणाऱ्यांच्या हाताशी आहे. २००१मध्ये आलेलं फ्लॅक हे स्वरूप आवाजाचा एकही बिट न गमावता फाइल लहान करतं आणि मूळ आवाजाचा ठसा फाइलच्या माथ्यावरच लिहून ठेवतं. दहा वर्षांनी ती फाइल स्वतःशी ताडून पाहता येते आणि काय बिघडलं ते चौकटीगणिक कळतं. २०२४मध्ये या स्वरूपाला इंटरनेट मानक म्हणून मान्यता मिळाली. मला यात मोठा दिलासा वाटतो, कारण कंपन्या बुडाल्या तरी उघड मानक वाचता येतं. शिवाय ड्राइव्हकडून प्रत्येक सेकंदाला किती दुरुस्त्या लागल्या याचा आलेख काढता येतो. सीडीसाठी सेकंदाला २२० चुकीचे ठोकळे ही मर्यादा धरली आहे. नव्या चांगल्या तबकडीत ते याच्या कितीतरी खाली असतात. आलेख वर सरकू लागला की मरणाआधी प्रत काढायला वेळ मिळतो.

असं काम शिस्तीनं करणाऱ्या जागा देशात आहेत. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं संगीतशास्त्रीय संग्रह-केंद्र १९८२ साली सुरू झालं ते आधी पुण्यात. अशोक दा. रानडे यांनीही काही काळ तिथे काम केलं. आता ते गुरुग्रामला आहे. मुंबईत १९९० साली सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सनं आणि सुरेश चांदवणकरांसारख्या माणसांनी जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या ऐकवत, लिहीत जिवंत ठेवल्या. शंभर वर्षांपूर्वीची लाखेची रेकॉर्ड आजही सुईखाली वाजते. २००५ साली लिहिलेल्या सीडीबद्दल तसं छातीठोक सांगता येत नाही.

युनेस्कोसाठी केव्हिन ब्रॅडली यांनी २००६ साली लिहिलेल्या अहवालात हाच इशारा होता. लिहिताना आणि नंतर ठरावीक काळानं तपासणी होणार नसेल, तर लिहिता येणाऱ्या तबकड्यांवर संग्रहाचा भरवसा टाकू नये. आणि ती तपासणी गोंदियात करायची आहे. अमेरिकेच्या मानक संस्थेनं २००३च्या मार्गदर्शिकेत तबकड्या ४ ते २० अंश तापमानात आणि २० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवायला सांगितलं. गोंदियाच्या मे महिन्यात पारा ४५पर्यंत जातो. कौलारू किंवा पत्र्याच्या छपराखालच्या कपाटात काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. जून उजाडला की पाऊस सुरू होतो आणि सप्टेंबरपर्यंत हवा ओली राहते. ज्या उष्णतेनं लेसर रंग बदलतो, तीच उष्णता कमी जोरानं पण वर्षानुवर्षं सगळ्या रंगावर काम करते. पॉलिकार्बोनेट ओल शोषतं. चांदीचा आरसा गंधकयुक्त हवेनं काळवंडतो. सोन्याचा टिकतो, पण त्या तबकड्या महाग असतात.

यातून सुटण्यासाठी ब्लू-रे बरी. तिच्या मूळ प्रकारात सेंद्रिय रंग नसून धातूंचे किंवा सिलिकॉनचे थर असतात. मात्र एलटीएच लिहिलेल्या स्वस्त प्रकारात पुन्हा रंगच येतो, तो टाळावा. दगडासारख्या थरावर लिहिणारी एम-डिस्क हजार वर्षांचा दावा करत आली. ती काढणारी मिलेनिएटा कंपनी २०१६ साली दिवाळखोरीत गेली, तबकडी दुसऱ्यांनी चालू ठेवली. ताइयो युडेननं २०१५च्या अखेरीस हा धंदा सोडला. मोझर बेअरच्या अवसायनाचा आदेश २०१८ साली निघाला. सोनीनं लिहिता येणाऱ्या ब्लू-रेचं उत्पादन फेब्रुवारी २०२५मध्ये थांबवलं. नव्या लॅपटॉपमध्ये ड्राइव्हची जागाच नसते. तबकडी शंभर वर्षं टिकली तरी तिला वाचणारी लेसरची भिंगं आणि छोट्या मोटारी तेवढ्या टिकणार नाहीत, म्हणून आज संग्रह सुरू करणाऱ्यानं दोन चांगले ड्राइव्हही विकत घेऊन बाजूला ठेवायला हवेत.

एवढं असूनही मी तबकडीच्या बाजूनं आहे, मात्र तीन प्रतींपैकी एक म्हणून. एक प्रत हार्ड डिस्कवर, एक जिल्ह्याबाहेर आणि एक तबकडीवर. तिला वीज लागत नाही, महिन्याचं भाडं लागत नाही आणि एकदा लिहिलं की चुकून पुसलं जात नाही. संगणकात विषाणू शिरला तरी कपाटातली तबकडी त्याच्या हाती लागत नाही.

मग प्रश्न राहतो वेळेचा. भरलेली २५ जीबीची ब्लू-रे चारपट वेगानं वाचायला सुमारे २३ मिनिटं लागतात. शंभर तबकड्यांची तपासणी म्हणजे जवळपास ३९ तास, एका माणसाचा कामाचा पूर्ण आठवडा, आणि तो दोन-तीन वर्षांनी पुन्हा. त्यासोबत गाणारा कोण, गाव कोणतं, ढोल कुणाचा, गाण्यात आलेलं देवाचं नाव कोणतं, हे सगळं लिहून ठेवायचं. कचारगडच्या गाण्यांसाठी गोंडी जाणणारा माणूस शेजारी हवा. हे काम एखाद्या महाविद्यालयाच्या किंवा जिल्हा ग्रंथालयाच्या वेळापत्रकात पगारासह बसलं तरच होईल. हौसेवर ते दुसऱ्या फेरीपर्यंत पोचत नाही. हंगामाचीही अडचण आहे. तबकडी लिहायला आणि तपासायला इथली सर्वांत चांगली हवा डिसेंबर-जानेवारीची, कोरडी आणि गार. त्याच महिन्यांत मंडई आणि नाटकं ऐन भरात असतात आणि मुद्रण करणारी माणसं रात्रभर मंडपात. आदल्या रात्रीचं मुद्रण दुसऱ्या दिवशी दुपारी लिहून, तपासून, नावनिशी डब्यात घालणारा वेगळा माणूस नेमला नाही, तर ती फाइल मेमरी कार्डावरच राहते आणि पुढच्या नाटकासाठी जागा करताना पुसली जाते.